जांभई न दिलेली ॲकी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी जमैकातली एक जुनी डची आहे. डची म्हणजे जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं; तिथे ते घरोघरी असतं. सेंट थॉमस परगण्यातल्या एका कारागिरानं भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात मला ओतलं. दिसायला मी तेव्हाही काही रंभा नव्हते, पण भात माझ्याइतका मोकळा दुसऱ्या कुणात होत नसे!

माझ्या मालकीणबाई मिस आयव्ही. त्यांच्या अंगणात ॲकीचं झाड होतं. ॲकीचं फळ लाल. आतला पिवळा गर खारवलेल्या माशाबरोबर परततात. जमैकाच्या माणसाचा तो जीव की प्राण. पण फळ मोठं दगाबाज. झाडावर आपोआप उकललं, तरच खायचं. तिथले लोक म्हणतात, ॲकीनं जांभई दिली. बंद फळ चाकूनं उघडलं तर आत विष, कितीही उकळा. मिस आयव्हींची धाकटी बहीण त्यानंच गेली. मग त्या झाडाखाली पोरांना फिरकूही देत नसत.

पुढे मला सामानात घेऊन त्या न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आल्या. इथे ताजी ॲकी कुठली मिळायला? मिळायची ती डब्यातली, तपासून आलेली. डबा उघडायचा आणि माझ्यात ओतायचा. वर्षानुवर्षं तेच. भिण्याचं कारणच उरलं नाही, म्हणून ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीच नाही. नात तमिका इथेच जन्मली, वाढली. शेजारच्या शुभाला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, म्हणून तिची मुलगी स्वानंदी शाळा सुटली की आमच्याकडे यायची. मिस आयव्हींना ती 'आयव्ही आजी' म्हणायची आणि माझ्या तळाची खरपुडी मागून मागून खायची. मोठी गोड पोर!

गेल्या हिवाळ्यात मिस आयव्ही गेल्या. मी कपाटात तळाशी पडून राहिले. कुणी ढुंकून बघेना. खोटं कशाला बोलू, फार लागलं मला ते.

मग त्यांच्या वाढदिवसाच्या दिवशी, रविवारी सकाळी, तमिकानं मला बाहेर काढून लख्ख घासलं. काय हरखले मी! आजीच्या आठवणीसाठी आजीचाच नाश्ता करायचा, असं तिनं ठरवलं होतं. फ्लोरिडाच्या मावसभावानं आपल्या परसातली ॲकी खोकंभर पाठवली होती. तिनं खोकं उघडलं. फळं लाल, टवटवीत, आणि सगळीच्या सगळी बंद.

तमिकानं चाकू घेतला.

त्या स्वयंपाकघरात हे जाणणारी एकटी मी. माझं झाकण खडखडलं, तर वाफ झाली असेल म्हणून तिनं गॅस बारीक केला. शुभा आणि स्वानंदी नाश्त्याला आल्या. ताजी ॲकी अशीच करतात का, असं शुभानं एकदा विचारलंही. आजी तर डोळे मिटून करायची, म्हणत तमिका हसली.

"आई, यू हॅव टु ट्राय धिस. आजीसारखंच झालंय."

"माझी संकष्टी आहे गं," शुभा म्हणाली. "तू खा पोटभर."

स्वानंदीनं दोनदा वाढून घेतलं.

दुपार कलली तशी तमिका सिंकवर ओणवी झाली. शुभा फोन कानाला लावून धावत आली. पलीकडच्या घरात स्वानंदी ओकून ओकून निपचित पडली होती, हाकेला ओ देत नव्हती. ॲम्ब्युलन्स दोघींना घेऊन गेली. त्यांच्याबरोबर निघण्याआधी, डॉक्टरांना दाखवायला शुभानं माझ्या तळाचं उरलेलं खरवडून डब्यात भरलं. घाईत अर्धं ओट्यावर सांडलं.

तमिका आता घरी आली आहे. ती माझ्यासमोर बसून असते, मला धूत नाही. शेजारचं घर बंद आहे. स्वानंदीचं काय झालं, हे या घरात कुणी बोलत नाही, आणि मला विचारता येत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना जपा, पण तेवढ्यावर थांबू नका. पदार्थ कसा करायचा, हे तर सगळेच विचारतात. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच जवळ जाऊन बसा आणि विचारा, "आजी, स्वयंपाक करताना तुला भीती कशाची वाटायची?"