सव्वा मूठ

ओट्यावर खडूने ओढलेल्या रेघेवर भूमिका मूठ झाकून उभी होती. रेघेच्या अलीकडे केळी, चमचे आणि किरणमामाच्या लहानग्या हितेंद्रची टोपडी. पलीकडे दुधाचा तांब्या, मिठाची बरणी, तेलाची बाटली. मुठीतले गहू कुठल्या बाजूला ठेवायचे, ते तिला सुचत नव्हतं.

"घाई नाही," गिरधर आबा म्हणाले. "मोजायच्या मेनीत जातील की न मोजायच्या मचमध्ये?"

श्रावणातलं ऊन ढगाआडून यायचं आणि जायचं. आलं की तांब्यातलं दूध उजळायचं, गेलं की सगळा ओटा पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसायचा. आबांचं आयुष्य देवपुरातल्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलं होतं. आता एकच विद्यार्थिनी उरली होती, लेकीची लेक. अशा दुपारी तिला शिकवताना त्यांना वाटायचं, आपण कुणाच्या तरी झोपेतून हळू पावलांनी चाललो आहोत, आणि मोठ्याने बोललो तर ती मोडेल.

"मेनी," भूमिका म्हणाली. "दाणे वेगवेगळे दिसतात की."

"दिसतात. पण मोजत कोण बसतं? इंग्रजांनीही कंटाळा केला. दूध मच, मीठ मच, गहूही मच."

"म्हणजे कधी मोजायचेच नाहीत?"

"भांडं द्यायचं त्याला. दुधाला पेला दिला की पेले मोजता येतात. गव्हाला पोतं दिलं की पोती."

भूमिकाने मूठ उघडली. थोडे दाणे रेघेवरच सांडले. तिचं लक्ष ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं.

तिथे भिकुबाई सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. आबांच्या थोरल्या चुलतभावाच्या त्या पत्नी, भाऊबंदांत आता सगळ्यांत मोठ्या. कानबाई देवीचे गहू काढायला दरवर्षी गावाहून यायच्या. रविवारी कानबाई बसणार होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघत, आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे असत. घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे भिकुबाई ठरवत.

आबांची लेक हेमांगी सासर कायमचं सोडून भूमिकाला घेऊन आली ती गेल्या वर्षी. रोटांची पंगत बसली तेव्हा भूमिकाही सगळ्यांसोबत मांडी घालून बसली होती. तिला कुणी उठवलं नाही. फक्त तिच्यापुढे ताट आलं नाही. मग हेमांगीने तिला उचलून मागच्या खोलीत नेलं आणि पोळीवर साखर घालून दिली. यंदा भूमिकाने सकाळीच आबांना गाठलं होतं.

"आबा, मी बसू ना पंगतीला?"

"वहिनींना विचारतो," आबा म्हणाले होते. तेव्हापासून त्यांनी दोनदा घसा खाकरला होता. एकदा वहिनींना चहा हवा का म्हणून विचारलं, एकदा गव्हाची तारीफ केली.

"आबा, मोठी आजी तर गहू मोजणार आहे," भूमिका म्हणाली. "मुठीने."

"हो. मूठ हेही भांडंच."

"एक मूठ तुमची, एक किरणमामाची, एक हितेंद्रची?"

"हो."

"मग माझी मूठ कुठाय?"

ती हळूच बोलली होती, पण दुपार फार शांत होती. भिकुबाईंच्या हातातलं सूप थांबलं. आतल्या दारात हेमांगी ओला पंचा घेऊन आली होती, तीही तिथेच थांबली. रस्त्यावरून एक सायकल घंटी न वाजवता गेली.

"वहिनी," आबा म्हणाले, "मीच विचारणार होतो."

सूप पुन्हा हलू लागलं. कोंडा उन्हात वर चढला, तिथेच तरंगत राहिला आणि मग कुठे गेला ते कळलं नाही.

थोड्या वेळाने किरण हितेंद्रला खांद्यावर घेऊन आला. भिकुबाईंनी हात धुतले, पांढरं कापड अंथरलं, त्यावर रिकामी परात ठेवली आणि गव्हाचा डबा जवळ ओढला.

"गिरधर," त्या म्हणाल्या आणि भरलेली मूठ परातीत सोडली. मूठ अजून घट्ट होती. पण वरचा पाव घालायला त्यांनी तीन बोटांची चिमूट केली, तेव्हा बोटं थरथरली आणि दाणे कापडावर उडाले. त्यांनी पुन्हा चिमूट भरली. पुन्हा तेच. मग त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या,

"पोरी, आंग धोयं का तू?"

"सकाळीच," भूमिका म्हणाली.

"मंग हात धुई ये. वरला पाव तू टाक. तुन्ही मूठ तेवढीच शे."

किरण हसला. "मोठी आई, कानबाईच्या गव्हाला पोरीचा हात चालतो का?"

"मन्हा हात काय पोऱ्याना शे?"

किरणने हितेंद्रला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

भूमिका ओल्या हातांनी धावत आली. हेमांगीने दारातच ते पंच्याने कोरडे केले, जरा जास्तच वेळ. मग भूमिका परातीजवळ उकिडवी बसली. गिरधर आबांच्या मुठीवर तिची इवली मूठ पडली. किरणच्या मुठीवर पडली. नुकते दात फुटलेल्या हितेंद्रच्या मुठीवरही पडली. एक मोठा हात, एक लहान हात. डब्यातून गहू वर यायचे आणि नदीच्या वाळूसारखे सरसरत खाली जायचे. आबांना आता नावं नीट ऐकू येत नव्हती. त्यांना फक्त तो आवाज ऐकू येत होता, कुठेतरी लांब चाललेल्या पाण्याचा.

घरातले पुरुष संपले. पण भूमिकाचा हात लयीतच होता, तो पुन्हा डब्यात गेला आणि भरून बाहेर आला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, पुढचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. मूठ तशीच हवेत राहिली. ती आईकडे बघू लागली.

हेमांगीने पाऊल पुढे टाकलं. आबाही खुर्चीतून अर्धे उठले.

भिकुबाईंनी डब्यात हात घातला. पूर्ण मूठ भरली, गच्च, आणि कुणाचंही नाव न घेता परातीत सोडली. मग परात धरून त्या थांबल्या.

भूमिकाने आपली मूठ त्यावर उघडली.

"मोठी आई, ही कुणाच्या नावाची?" किरणने विचारलं.

"दळीसन घट येस, भाऊ," भिकुबाई सांडलेले दाणे एकेक करून वेचत म्हणाल्या. "थोडं जास्तीच लागस."

इतक्या वर्षांत दळणात पीठ कमी होतं म्हणून त्यांनी घट धरलेली आबांना आठवत नव्हती. ते खुर्चीत परत बसले.

भिकुबाईंनी परातीतले गहू कापडात ओतले. गाठोडं बांधायला दोन टोकं हातात घेतली. उरलेली दोन तशीच पडली होती.

"हेमा," त्या म्हणाल्या, "दारमा काय उभी ऱ्हायनी? हाई धर."