रिकाम्या गावाचं पाणी

राखीव दल म्हणजे वर्षाकाठी पंधरा दिवसांची कवायत, एवढंच प्लंबरच्या अंगवळणी पडलं होतं. या खेपेला मात्र थेट परदेशात साठ दिवस. लढाईत उजाड झालेल्या गावात पाणी सुरू करायचं, म्हणजे लोक परततील. "बंदुकीचं दुसरे बघतील, तुम्ही आपला पाना चालवा," असं बजावून बायकोनं त्याची पिशवी भरली.

गावात खरंच चिटपाखरू नव्हतं. तीनशे घरं, दोरीवर वाळून कडक झालेले कपडे. त्यानं पंप दुरुस्त केला, टाकी काठोकाठ भरली, घरोघरी फिरून एकेक नळ आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी निम्मी रिकामी.

मेजरसाहेबांनी जुन्या पाइपांना बोल लावला. प्लंबरनं चार दिवस गळती शोधली. ओलाव्याचा टिपूस सापडेना. पाचव्या दिवशी, भर उन्हात, एका शिंप्याच्या घरात त्यानं लोखंडी गज पाइपाला टेकवला आणि दुसरं टोक कानाशी धरलं. गळती ऐकायची ही त्याची जुनी रीत. पाणी वाहत होतं. मग थांबलं. पाठोपाठ कुणा बाईनं हळूच मुलाला गप्प केलं.

आवाज पायाखालून आला होता.

इतके दिवस तो आणि त्याचे सोबती याच फरशांवर बूट आपटत, गाणी म्हणत हिंडले होते.

त्यानं दुभाष्याला गाठलं. दुभाषी याच मुलखातला, वयानं वडील. ऐकून त्याला नवल वाटलं नाही. मागेही गणवेशातली माणसं पाणी घेऊनच आली होती, त्यानं सांगितलं. आधी घरटी यादी केली, मग माणसं नेली.

"पण आम्ही ते नाही, दादा."

"तुम्ही साठ दिवसांनी जाल. तुम्ही लिहाल ती यादी इथंच राहील."

त्या संध्याकाळी प्लंबरनं अहवालात लिहिलं: गळती जुनी, सापडत नाही, टाकी दिवसातून दोनदा भरावी.

साठाव्या दिवशी बदली तुकडी आली. नव्या प्लंबरला त्यानं पंप दाखवला, चाव्या दिल्या, शिंप्याच्या घरी नेऊन गज कानाला लावायला सांगितला. ऐकता ऐकता त्या गड्याचा चेहरा उतरला.

"किती जण आहेत?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"मोजू नकोस," प्लंबर म्हणाला.