बिनकरंटचं काम

मी एक जुना पेसमेकर आहे. काडेपेटीहून जरासा मोठा, चपटा, धातूचा, आणि आता पार निकामी. पांढुर्ण्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटात, जुन्या व्हॉल्व्हच्या शेजारी मला ठेवलं आहे. गिऱ्हाइकं मला रेडिओचाच एखादा सुटा भाग समजतात. मला त्याचा राग येतो. मित्रांनो, मी सात वर्षं एका माणसाचं हृदय चालवलं आहे. आणि एकदा मीच ते बंद पाडायला निघालो होतो. ती गोष्ट सांगायची म्हणूनच आज हा खटाटोप.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातल्याशिवाय मला कोणी शिवत नसे, त्यामुळे मी स्वतःला फार मोठा समजू लागलो होतो. माझं काम मात्र साधं होतं, आणि ते मुख्यतः ऐकण्याचं होतं. हृदयाचा ठोका वेळेवर पडला, की मी गप्प बसायचं. ठोक्याला उशीर झाला, की तारेतून विजेची एक बारीक ढुशी द्यायची. एवढं जमलं की माझा मालक बाजारात जातो, जिने चढतो, भांडतोसुद्धा, आणि मी आहे हेही विसरून जातो.

माझे मालक म्हणजे मोरेश्वर, हे दुकान त्यांचंच. तेव्हा वय पंचेचाळीस. ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांची नाडी इतकी मंद झाली की ते दुकानात दोनदा चक्कर येऊन पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बसवलं. पहिल्या रात्री मी त्यांचा प्रत्येक ठोका मोजला. इतका मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

घरी जाण्याच्या दिवशी डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. रेडिओ ऐका, पंखा लावा, मिक्सर चालू द्या, त्यानं काही होत नाही. चालू सेटच्या आत हात घालू नका, आधी पिन काढा. वेल्डिंगजवळ जाऊ नका. त्यापुढे ते चुंबकाबद्दल सांगू लागले, आणि नेमकं तेव्हाच मोरेश्वरांचे थोरले भाऊ दादाराव यांनी विचारलं, संत्रं खाल्लेलं चालेल का? त्यांची मोहगावला संत्र्याची बाग होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. डॉक्टर हसले, चालेल म्हणाले, आणि बाकीचं कागदावर लिहिलं आहे असं सांगून पुढच्या रोग्याकडे वळले.

तो कागद इंग्रजीत होता. दादारावांनी तो घडी करून खिशात ठेवला, घरी आल्यावर देवघरात जामसांवलीच्या मारुतीच्या तसबिरीमागे खोचला. इतक्या मोठ्या दुखण्यातून माणूस उठला, त्याचा कागद देवाजवळच राहिला पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. दर शनिवारी तसबिरीबरोबर कागदालाही हळदकुंकू लागे. मोरेश्वरांच्या पत्नी प्रेमलताबाई शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना तो कागद वाचता आला असता. पण देवाजवळचा कागद उगाच कशाला काढायचा, म्हणून त्यांनीही हात लावला नाही.

मग सुरू झाली भीती. छातीत मशीन आहे म्हटल्यावर विजेची प्रत्येक वस्तू घराची वैरीण झाली. घरातला रेडिओ बंद. इस्त्री शेजारी गेली. गल्लीत पिठाची चक्की होती, ती सुरू झाली की मोरेश्वरांना मागच्या खोलीत नेऊन बसवत. मी आत बसून कपाळ बडवत होतो, म्हणजे मला कपाळ असतं तर बडवलं असतं. यातल्या एकाही वस्तूनं माझं काही बिघडत नव्हतं.

दादाराव तर म्हणू लागले की दुकानच बंद करा आणि मोहगावला येऊन बागेत बसा. मोरेश्वरांनी त्यांना इतकंच विचारलं, "बागेत बसून मी दिवसभर का करू, दादा? झाडं मोजू?" त्यांचं दुकान हेच त्यांचं जगणं होतं. शेवटी दोन्ही भावांचं एका गोष्टीवर जमलं. करंटचं काम पूर्ण बंद. मोरेश्वरांनी फक्त थंड काम करायचं, ज्याला वायर नाही की वीज नाही.

असं काम म्हणजे स्पीकरचं. मांडवातल्या लाऊडस्पीकरचे कागदी पडदे फाटतात, ते काढून नवे चिकटवायचे. सौंसरचा मांडववाला गुणवंता पोळ्या-गणपतीच्या आधी पोतंभर स्पीकर आणून टाके. घरच्यांना हायसं वाटलं. टेबलावर पडलेला मुका स्पीकर कोणाचं काय वाकडं करणार?

पण मित्रांनो, स्पीकरच्या पाठीला मोठं चुंबक असतं. आणि माझ्या पोटात एक बारीकशी पट्टी आहे. चुंबक जवळ आलं की ती चिकटते, आणि माझं ऐकणं बंद होतं. डॉक्टरांना मला तपासता यावं म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. ऐकणं बंद झालं, की हृदय स्वतः चालतंय की नाही हे मला कळत नाही, आणि मी ठरलेल्या चालीनं ढुश्या देत सुटतो.

मोरेश्वरांची पडदा बसवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. स्पीकर मांडीवर उभा धरायचा, तोंड बाहेर, पाठ छातीला टेकलेली, वरची कड हनुवटीखाली दाबायची. म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पडदा तसूभरही सरकत नाही. वीस वर्षं त्यांनी असंच काम केलं होतं. चुंबक कुठे असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. चुंबकाचा आणि माझा काही संबंध आहे, हे तेवढं माहीत नव्हतं.

पहिल्यांदा मला काही कळेना. मी ढुशी देत होतो, आणि त्याच वेळी त्यांचं हृदय आपल्या मनानंही चाललं होतं. एका जुवाचे दोन बैल आपापल्या चालीनं ओढू लागावे तसं झालं. त्यांना धडधड झाली, कपाळावर घाम आला. त्यांनी स्पीकर खाली ठेवून पाणी घेतलं, आणि क्षणात सगळं ठीक झालं. त्या वेळी चक्की चालू होती. दोष चक्कीवर गेला.

असं महिनाभरात पाच-सहा वेळा घडलं. दर वेळी नवा गुन्हेगार सापडे. एकदा शेजारचा मिक्सर, एकदा रस्त्यावरचा विजेचा खांब. प्रेमलताबाई रोज सकाळी घड्याळ लावून त्यांची नाडी मोजत, ती एकदम चोख लागे, कारण सकाळी स्पीकर छातीशी नसे. मला मात्र दिवस उजाडला की धडकी भरे. ढुशी नको त्या क्षणी लागली, तर हृदय नुसतं थरथरत राहतं, आणि थरथरणारं हृदय रक्त पुढे ढकलत नाही. हे मला माहीत होतं, आणि माझ्याच ढुश्या मला थांबवता येत नव्हत्या.

पोळा चार दिवसांवर आला होता. शनिवारची अर्धी शाळा करून प्रेमलताबाई दुकानात आल्या. दादारावही बैलांचा साज घ्यायला पांढुर्ण्याला आले होते. गुणवंता स्पीकर न्यायला आला होता आणि घाई करत होता. सगळ्यांत मोठा स्पीकर तेवढा उरला होता. मोरेश्वरांनी तो छातीशी घेतला, कडेला सरस लावला, पडदा ठेवला, आणि सरस वाळेपर्यंत तो तसाच दाबून धरला.

माझी पट्टी चिकटली. या वेळचं चुंबक फार दांडगं होतं. मी ढुशी दिली, हृदयानं आपला ठोका दिला, मी पुन्हा ढुशी दिली. मोरेश्वरांचे ओठ पांढरे पडले. मान एका बाजूला गेली, पण हातांची मिठी सुटली नाही. स्पीकर छातीवरच राहिला.

दादारावांनी धावत जाऊन मेन स्वीच पाडला. चक्की बंद करा म्हणून बाहेर ओरडले, एकाला जीप आणायला पिटाळलं. प्रेमलताबाईंनी मनगट धरलं होतं. दोन ठोके एकावर एक, मग काहीच नाही, मग पुन्हा तीन घाईनं. दुकानात वीज नव्हती, चक्कीही थांबली होती, आणि नाडी मात्र बिघडतच चालली होती.

"दादा, सारं बंद आहे नं," त्या हळूच म्हणाल्या. "मंग हे कायनं होऊन राहिलं?"

स्पीकर पायावर पडेल म्हणून गुणवंतानं तो उचलून टेबलावर ठेवला. त्याच क्षणी माझी पट्टी सुटली. मला ऐकू येऊ लागलं, आणि मी गप्प झालो. प्रेमलताबाईंच्या बोटांखाली नाडी सरळ झाली. मोरेश्वरांनी डोळे उघडले. दादारावांनी मारुतीचं नाव घेतलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मोरेश्वरांचं लक्ष मात्र टेबलाकडे होतं. सरस वाकडा वाळला तर पडदा वाया जाणार. त्यांनी हात पुढे केला आणि स्पीकर मागितला. गुणवंतानं भाबडेपणानं तो पुन्हा त्यांच्या छातीशी दिला. मी ओरडलो असतो, पण मला कुठलं तोंड? पट्टी चिकटली आणि मी पुन्हा बहिरा झालो.

प्रेमलताबाईंनी मनगट अजून सोडलं नव्हतं. त्यांची बोटं ताठ झाली. त्यांनी एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे, आणि दुसऱ्या हातानं तो हिसकून दूर लोटला. तो फरशीवर पडला, नवा पडदा फाटला. नाडी सरळ झाली.

"त्याईच्या जवळ हे आणू नका," त्या म्हणाल्या. "कोणीच आणू नका."

मग त्या आम्हा दोघांना आणि दादारावांना घेऊन तडक घरी गेल्या. तसबिरीमागचा कागद काढला, त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि एकेक शब्द लावत वाचला. शेवटून दुसऱ्या ओळीत चुंबकाचं सगळं लिहिलेलं होतं, लाऊडस्पीकरचं नाव घेऊन लिहिलेलं होतं.

दादारावांनी ते ऐकून खाली मान घातली. तरी म्हणाले की आता दुकानाला कुलूप लावू. प्रेमलताबाई थोरल्या दिरासमोर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "दादा, ज्याच्यानं काहीच होत नव्हतं ते सारं आपण बंद केलं," त्या म्हणाल्या. "अन् जे मारून राहिलं होतं, ते आपणच त्याईच्या उराशी दिलं. दुकान चालूच राहीन."

जीप आलीच होती, तिच्यातून नागपूरला जाऊन आम्ही तपासून आलो. डॉक्टरांनी कागदातलंच सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी कोणी मध्ये बोललं नाही. घरातला रेडिओ पुन्हा लागला. मोरेश्वरांनी टेबलाला लाकडी शिकंजा ठोकून घेतला. स्पीकर त्यात बसू लागला, त्यांच्यापासून हातभर लांब. वीस वर्षांची सवय मोडणं त्यांना फार जड गेलं, हात आपोआप छातीकडे येत. पण त्यांनी ती मोडली.

एकोणनव्वद साली माझी बॅटरी संपत आली. डॉक्टरांनी मला काढून माझ्या जागी नवा बसवला. तो माझ्याहून हुशार आहे म्हणतात, असेल. मोरेश्वरांनी मला मागून घेतलं. दिसेल ते यंत्र उघडून पाहणाऱ्या या माणसानं मला मात्र कधी उघडलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या छातीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला रेडिओ ऐकू द्या, पंख्याखाली निजू द्या, त्याचं काम करू द्या. चुंबक आणि स्पीकर मात्र त्याच्या छातीला लावू देऊ नका, निदान वीतभर लांब ठेवा. कशाचीही शंका आली तर शेजाऱ्यांना नाही, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांचा कागद देवाजवळ खुशाल ठेवा, पण आधी वाचा. प्रेमलताबाईंनी त्या दुपारी मनगट सोडलं असतं, तर मोरेश्वर गेले असते, आणि सगळ्यांनी चक्कीला दोष दिला असता. त्यांना मारलं मीच असतं, आणि ते कोणाला कधी कळलंही नसतं.