सात पावलं

घरात मुलगा नव्हता तेव्हा ती जन्मली, म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं न्याम-थाई. म्हणजे धाकट्या भावाची आस. दोन वर्षांनी भाऊ झाला, हिन-लोई. आस फळली, पण नाव तिला जन्माचं चिकटलं.

तिच्या माहेरच्या याप घराण्याची विद्या वाघकाट्याची. पुरुषाहून उंच दांडा आणि टोकाला तीन लोखंडी दाते. ती विद्या फक्त मुलांना. मुलगी उद्या परक्या घरी जाणार, तिला शिकवणं म्हणजे घरची वीट शेजाऱ्याला देणं. बाप अंगणात काटा फिरवायला लागला की आई तिला डुकरांना खाणं घालायला पिटाळायची.

एकोणिसाव्या वर्षी तिला नदीच्या वरच्या अंगाला, छुंगांच्या गावात दिली. तिथं कायदा उलटा निघाला. तिचे सासरे खी-सान हे ‘सात पावलं’ जाणणारे शेवटचे. ही विद्या मुलगा नि सून सोडून कुणाला द्यायची नाही. मुलगा लग्नानंतर सहा महिन्यांतच समुद्रापार कथिलाच्या खाणीवर गेला. उरली सून.

“मामंजी, मला जमेल?” तिनं विचारलं होतं.

“दोन हंडे कावडीला लावून रोज चढ चढतेस ना? पाय तयार आहेत. हात मी देतो.”

आठ वर्षं दिले त्यांनी हात. सात पावलं म्हणजे सातच, एक जास्त नाही. समोरच्याच्या कुशीत शिरायचं, त्याला हात लांबवायला जागाच ठेवायची नाही. मूठ वळताना तर्जनीचं पेर बाहेर काढायचं आणि ते बरगड्यांच्या मधे खुपसायचं. शेवटच्या पावलात कोपर उलटं मोडायचं. वाणीनं म्हातारा गोड, शिकवताना कसाई. तिच्या दंडावरचे वळ आठ वर्षांत कधी पुरते गेले नाहीत.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं ओढ दिली. छुंगांनी बंधाऱ्याचं दार लावून घेतलं आणि खालच्या यापांची भातरोपं पिवळी पडली. आधी शिव्या झाल्या, मग एका यापाची म्हैस मेलेली सापडली. पाचव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, सकाळी सकाळी, चाळीस याप बंधाऱ्यावर आले. पुढे हिन-लोई. खांद्यावर बापाचा वाघकाटा.

बंधाऱ्यावर छुंग तीसएक होते. त्यांत कावडीचे दांडे घेऊन सात-आठ बायकाही, न्याम-थाई त्यांतलीच.

“काय रे, पुरुष संपले वाटतं तुमच्यातले?” यापांचा एक दाढीवाला ओरडला. “सुना पुढे केल्यात!”

“तुला सूनच पुरे आहे,” न्याम-थाईची चुलत जाऊ म्हणाली. “पुरुष जेवताहेत.”

दोन्हीकडचे हसले. एवढ्यावर मिटलंही असतं कदाचित. खी-सान रिकाम्या हातांनी पुढे झाले.

“हिन-लोई, पोरा, काटा खाली ठेव. अर्धा दिवस दार उघडतो. बसून बोलू.”

“अर्ध्या दिवसात आमचे वाफेसुद्धा ओले व्हायचे नाहीत, काका. बाजूला व्हा.”

“नाही झालो तर?”

मागून कुणाचा तरी धोंडा आला. कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दाढीवाल्याचं कपाळ फुटलं आणि दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली.

खी-सान अडुसष्ट वर्षांचे. पण एक याप कुदळ उगारून आला, तर म्हातारा तिच्याखाली शिरला, आणि तो माणूस बरगड्या धरून पाटात कोसळला. दुसरा आला, त्याचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी शेवाळावर त्यांचा गुडघा घसरला.

हिन-लोई चार हातांवर होता. म्हातारा पडला हे त्यानं पाहिलं. थांबायला पुरेसा वेळ होता. तो थांबला नाही. तिन्ही दाते पोटात गेले, आणि त्यानं काटा पिळून बाहेर काढला, बापानं शिकवलं होतं तसंच.

हे न्याम-थाईनं पाहिलं. ती दांडा घेऊन आडवी धावली.

“ताई, मागे हो!” हिन-लोई ओरडला. “तुझ्याशी माझं भांडण नाही!”

तिनं पहिला घाव त्याच्या डोक्यावरच घातला. त्यानं तो काट्यावर झेलला, तिचा दांडा मधोमध मोडला. मग मात्र तोही भाऊ राहिला नाही. एक वार तिच्या कानाजवळून गेला. दुसऱ्या वाराचा दाता तिच्या उजव्या खांद्यात घुसला आणि मांस फाडत निघाला. पण काटा लांबून मारायचं हत्यार. तो मागे ओढून पुन्हा मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती त्याच्या छातीशी होती.

तिचं पेर बरगडीखाली बसलं. त्याचा श्वास तुटला, हातातला काटा सुटला. तिनं त्याचं उजवं मनगट काखेत धरलं आणि अंगाचा सगळा भार कोपरावर टाकला. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. तो किंचाळत खाली बसला, डाव्या हातानं तिचे केस धरले. तिनं तोही हात धरला. पुन्हा तोच आवाज.

तो उताणा पडला होता, गळा उघडा. तिनं मूठ वळली, पण खांदा उठेना. रक्त बोटांवरून ठिबकत होतं आणि हात लाकडासारखा लोंबत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती त्याच्याच शेजारी कोसळली.

त्या सकाळी सहा याप आणि पाच छुंग मेले. खी-सान दुपारपर्यंत जिवंत होते. पाणी मागत राहिले, आणि वैदूनं पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. शेवटी तिनं दिलं.

नंतर शहाणपण सुचलं दोन्ही गावांना. एक उदबत्ती जळेल तेवढा वेळ, अशा पाण्याच्या पाळ्या ठरल्या. लोक म्हणू लागले, न्याम-थाईनं भावावर दया केली, गळा सोडला. तिनं कधी नाही म्हटलं नाही.

भातं कापून झाल्यावर हिन-लोई आला. एकटाच. ती बंधाऱ्यावर फळ्या बसवत होती. त्याचा उजवा हात वाकडाच जुळला होता, डाव्याची बोटं मिटत नव्हती.

“आईनं पाठवलं?” तिनं विचारलं.

“नाही. मीच आलो.” तो बंधाऱ्याच्या कडेला टेकला. “काटा आता कुणी धरणार नाही घरात. मला सांगता येतं सगळं. करता येत नाही. तू केलंस तर...”

“मामंजींना मारलेला काटा मी हातात घेऊ?”

“दुसरा घडवू.”

“घसरले होते ते. तू पाहिलं होतंस.”

“पाहिलं होतं,” तो म्हणाला.

त्यानं खोटं बोलायला हवं होतं असं तिला वाटलं, आणि नाही बोलला म्हणून बरंही वाटलं. तिनं फळी ठोकून बसवली.

“नाही शिकणार मी. जाऊ दे ती विद्या तुझ्याबरोबरच.”

“बरं.” तो उठला. “गळा सोडलास, तेवढं मात्र...”

“सोडला नव्हता. हात उठला नाही माझा.”

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला ठाऊकच होतं. बांधावरून जाताना वाऱ्यानं त्याची बांबूची टोपी उडवली. तो वाकला, पण बोटांत ती येईना. दोनदा, तीनदा. न्याम-थाई उतरून गेली, टोपी उचलली, त्याच्या डोक्यावर घातली आणि हनुवटीखाली दोरी बांधली, घट्ट.

“नीट जा,” ती म्हणाली, आणि फळ्यांकडे परतली.