आराखड्यातलं चौथं कलम

जुन्नर-आंबेगाव ग्रंथपाल संघाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा स्नेहानं लिहिला होता. ती मंचरच्या वाचनालयात ग्रंथपाल आणि संघाची सचिव. नारायणगावच्या सभेत तो आज मंजूर व्हायचा होता.

संगणकीकरण, प्रशिक्षण, सेवाशर्ती ही पहिली तीन कलमं कुणालाही पटणारी होती. धास्ती होती ती चौथ्याची. पन्नासपेक्षा कमी सभासद असलेली वाचनालयं मोठ्या वाचनालयांत विलीन करावीत, अशी शिफारस त्यात होती. त्यात डोंगरातलं आहुपे गावही येत होतं. तिथलं वाचनालय बावीस वर्षं चालवणारे सावळेराम समोरच दुसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळवायचं काम तिचंच होतं. तिनं दोनदा फोन लावला होता. रेंज नव्हती, तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं होतं.

"वाचा पुढं, स्नेहाताई," अध्यक्ष नानासाहेब म्हणाले. "जेवणं थांबलीत."

तिनं कसंबसं वाचलं. सावळेराम सावकाश उठले.

"सभासद एकतीसच हायेत, म्याडम. पण वाचाया लई जण येत्यात. पावसात पुस्तक भिजंल म्हणून घरी न्हेत न्हाईत, तिथंच बसून वाचत्यात. त्यांची नोंद कुठं करायची, ते कुणी सांगितलं न्हाई. तुमी आलाय का कदी तिकडं?"

"नाही," स्नेहा म्हणाली. माईक चालू होता. मग तिलाच राहवेना. "मी न बघता लिहिलंय हे कलम. आज मंजूर करू नका."

नानासाहेब तिच्याकडं झुकले. "अहो, छापून झालंय. संघाचं हसं होईल."

"होऊ द्या."

हात वर झाले. कलम वगळावं म्हणणारे एकोणीस, ठेवावं म्हणणारे सतरा. त्याऐवजी लहान वाचनालयांत बसून वाचणाऱ्यांची सहा महिन्यांत मोजणी करायची ठरलं. जबाबदारी सचिवाची.

बाहेर चपला घालताना सावळेराम म्हणाले, "सोमवारी या. घोडेगावातनं सकाळची एसटी हाय."

ते रागावलेत की नाही, तिला कळेना. "काका, मोजल्यावर कमी भरले तर?"

"तर तसं लिवा," ते म्हणाले, आणि जीपकडं निघाले.

स्नेहा पायरीवरच थांबली. तसं लिहायची वेळ आली तर आपला हात चालेल का, याची तिला खात्री नव्हती.