बसायची परवानगी

माशाचं ताट घेऊन ल्यादोव आत आला आणि दारातच थबकला. घरमालकीण मादाम शाब्रोलच्या उजव्या हाताला ग्लेब बसला होता.

प्रिन्स ग्लेब तुरेनेव. रशियातल्या यादवी युद्धात तो ल्यादोवच्याच पलटणीत लेफ्टनंट होता. देश सुटल्यावर फ्रेंचांच्या परदेशी फौजेत शिरला, मोरोक्कोत लढला आणि आता गालावरचा व्रण मिरवत पॅरिसच्या श्रीमंत घरांतून जेवत फिरत होता.

ल्यादोव या घरात नुसता पियेर होता, वाढपी. आपण कर्नल होतो हे त्याने मुद्दाम लपवलं होतं. मागच्या घरी ते कळलं, तेव्हा पाहुण्यांसमोर युद्धाच्या गोष्टी सांगायला लावल्या. गोष्टी संपल्या तशी नोकरीही संपली. आता बायको छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. ही नोकरी टिकायलाच हवी होती. ग्लेबकडे पाहून त्याने हलकेच मान हलवली. ओळख दाखवू नकोस.

पण वरिष्ठ उभा असताना बसायचं नाही, ही पलटणीची रीत ग्लेबच्या हाडीमांसी भिनलेली. तो ताडकन उठला, टाचा जुळवून रशियनमध्ये म्हणाला, "बसायची परवानगी असावी, कर्नलसाहेब."

मादामने विचारताच ग्लेबने अभिमानाने सगळं सांगून टाकलं, पलटणीच्या नावासकट. ती हरखली. तिच्याकडे कर्नल मासा वाढतो म्हणजे काय! पुढच्या गुरुवारी पियेरने पदकं लावून दारात उभं राहायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलंही. एका बँकवाल्याने विचारलं, माणसं किती मारलीत?

ल्यादोव ताट घेऊन ग्लेबच्या खुर्चीशी आला.

"व्सेवोलोद अर्काद्येविच, मी तुमचा मान राखला," ग्लेब त्याला खऱ्या नावाने हाक मारत रशियनमध्येच पुटपुटला.

"माझा? स्वतःचा राखलास. माझं मात्र पोट मारलंस, गाढवा."

ग्लेब अजून उभाच होता.

"परवानगी हवी ना? नाही मिळत. हे ताट धर आणि वाढ. एकेकाला. हुकूम आहे."

ग्लेब पांढराफटक पडला. पण त्याने ताट घेतलं.

ल्यादोव जिना उतरून स्वयंपाकघरात आला आणि एप्रन सोडून फेकला. आता वर सगळ्यांचे चेहरे पडतील, तो दिवटा शरमेने मरेल, अशी त्याची खात्री होती. तेवढ्यात वरून टाळ्या ऐकू आल्या. ग्लेब दरबारी सुरात विचारत होता, मादामना आणखी एक तुकडा चालेल का? मादाम खिदळत होती. गुरुवारी दोघांनी मिळून असंच करून दाखवा, म्हणत होती.

मादामची मोलकरीण त्याला बोलवायला खाली आली, तोवर तो रस्त्यावर होता.

घर येईपर्यंत बायकोला काय सांगायचं हे त्याच्या मनातही आलं नाही. ग्लेबसाठी तो शिव्या जुळवत होता, आणि एकही पुरेशी वाटत नव्हती.