सासऱ्यांचा हेतू

न्यायाधीशसाहेबांनी जेवता जेवता दोन्ही कानांत बोटं घातली. उजवा हात उष्टा होता, तरी घातलाच.

"अहो जावईबापू, ते कलम मीच लिहिलंय!" समोरून सासरे ओरडले. म्हातारबुवा एके काळी कायदेमंडळात होते. "रस्त्यावर बसण्याचं सामान मांडू नये, हे माझंच वाक्य. का लिहिलं ते तरी..."

"नको, मामा! हात जोडतो, एक शब्द बोलू नका!"

कायद्यामागचा हेतू कायद्याच्या शब्दांतून शोधायचा, लिहिणाऱ्याला विचारायचा नाही, अशी साहेबांची कडक शिस्त. मग तो हेतू समोर बसून भात कालवत असला तरी! बायकोनं कपाळाला हात लावला.

खटला कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा होता. पालिकेनं त्याची फूटपाथवरची खुर्ची उचलून नेली होती. त्याच्याकडे होती ती एवढीच, आणि घर तिच्यावरच चालायचं. शेजारचा दुकानदार तर अख्खे सोफे रस्त्यावर मांडायचा, म्हणून त्यालाही कोर्टात खेचलं होतं.

साहेबांनी शब्दकोश पालथे घातले, जुन्या निकालांचा कीस पाडला आणि विटेएवढं जाड निकालपत्र वाचलं. खुर्चीवर गिऱ्हाईक बसतं, म्हणून ती बसण्याचं सामान. ती जप्तच राहील. सोफ्यांवर प्लास्टिक आहे, त्यांवर कुणी बसत नाही, म्हणून तो नुसता विक्रीचा माल; दुकानदार निर्दोष. वा रे वा! वकील मंडळींनी माना डोलावल्या.

"मग उद्यापासून मी काय करू, साहेब?" न्हाव्यानं विचारलं.

कलमात त्याबद्दल काही नव्हतं. त्यामुळे साहेबांनी पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

सोफेवाला मात्र सोकावला. त्यानं आणखी दोन सोफे पुढे सरकवले. आठवडाभरानं सासरे दाढी करायला निघाले. नेहमीची खुर्ची जागेवर नाही, म्हणून पुढच्या गल्लीकडे वळले, ते थेट सोफ्याला अडखळून आडवे झाले. पाय मोडला.

साहेब धापा टाकत दवाखान्यात पोचले. पलंगाशी उभं राहून तोच न्हावी सासऱ्यांची दाढी करत होता; बायकोनंच त्याला बोलावून घेतलं होतं.

"आता सांगू का?" सासऱ्यांनी साबणाच्या फेसातून विचारलं.

साहेबांचे हात सवयीनं कानांकडे गेले. बायकोनं ते मध्येच धरले. "अहो, निकाल देऊन मोकळे झालात ना? आता तरी ऐका बाबांचं."

"त्याच दुकानाच्या सोफ्याला अडखळून माझा हा दुसरा पाय मोडला होता," सासरे म्हणाले. "म्हणून लिहिलं ते कलम. याची खुर्ची तेव्हाही तिथंच होती हो. मी विव्हळत पडलो होतो, तेव्हा यानंच मला उचलून तिच्यात बसवलं होतं."

बसायला काही मिळतंय का, म्हणून साहेब खोलीभर बघू लागले.

"खुर्ची पालिकेच्या गोदामात आहे, साहेब," न्हावी म्हणाला आणि त्यानं वस्तरा पुसला.